खानेसुमारी : आधी घर, मग माणूस

‘सुमार’ या शब्दाची मराठीत गंमतच झाली आहे. फारसीतल्या ‘शुमार’चा अर्थ मोजणी. आपल्याकडे त्याचं ‘सुमारे’ झालं, म्हणजे न मोजता सांगितलेलं. ‘सुमार’ म्हणजे बेताच्या दर्जाचं. आणि ‘बेसुमार’मध्ये मोजणी उरली ती नकारापुरती. सरळ अर्थाने ती टिकली एका सरकारी शब्दात, खानेसुमारीत. यातला ‘खाना’ हा दवाखान्यातला आणि कारखान्यातलाच, म्हणजे घर. खानेसुमारी ही घरांची मोजणी. पुढे ‘शिरगणती’ आली, मग ‘जनगणना’, आणि जुना शब्द अडगळीत गेला. हा बदल वरवर भाषाशुद्धीचा दिसतो, पण त्यात मोजायची वस्तूच बदलली : घराच्या जागी जन आले. माझं म्हणणं असं की प्रत्यक्ष काम कसं चालतं ते जुना शब्दच नेमकं सांगतो, आणि या आकड्यांवर भूगोलाचा अभ्यास करू पाहणाऱ्याने तो विसरू नये.

घरापासून मोजण्याची रीत जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला ‘गोप’ पाच-दहा गावांची नोंद ठेवतो, ती शेतांच्या सीमा आणि करदाती व करमाफ घरं यांच्या आधाराने. माणसं आणि जनावरं त्या घरांच्या पोटात येतात. सतराव्या शतकात मुहणोत नैणसीने मारवाडच्या परगण्यांची जी तपशीलवार नोंद केली, तीतही गावाची वस्ती घरांच्या संख्येने सांगितली आहे. पेशवे दप्तरात पुण्याच्या पेठांच्या खानेसुमारीचे कागद आहेत. कारण उघड आहे : माणूस परागंदा होतो, घर होत नाही, आणि पट्टी बसवायची ती घरावर. यावर कोणी म्हणेल की मग ही करवसुलीची यादी झाली, हिला लोकसंख्येची मोजणी का म्हणायचं? हेतू वेगळा होता हे कबूल. पण हेतू बदलल्यावरही पद्धत बदलली नाही, हे महत्त्वाचं. इंग्रजी अमलातली पहिली देशव्यापी मोजणी 1872ची. सगळीकडे एकाच वेळी झालेली पहिली 17 फेब्रुवारी 1881ची. एका रात्रीत माथी मोजायची, तर घरांवर आकडे आधी पडलेले हवेत. आजही प्रगणक प्रथम आपल्या गटाचा नजरी नकाशा काढतो, इमारतींना क्रमांक देतो, घरयादी करतो, आणि पुढच्या टप्प्यात माणसांची माहिती भरतो. उर्दूने या दोन टप्प्यांना दोन शब्द राखून ठेवले : पाकिस्तानात आधी ‘खानाशुमारी’ होते, मग ‘मर्दुमशुमारी’. आपण एक शब्द टाकून दिला, काम मात्र दोन्ही करतो.

खरा आक्षेप दुसरा आहे. ज्याला घरच नाही, किंवा ज्याचं घर हंगामापुरतं आहे, त्याचं काय? बेघरांसाठी वेगळी रात्र ठरलेली असते. 2011मध्ये ती 28 फेब्रुवारीची होती. ऊसतोड मजुरांचा प्रश्न अधिक अवघड. फेब्रुवारीत गळीत हंगाम ऐन भरात असतो, बीडकडचं कुटुंब पश्चिम महाराष्ट्रात कोपीत राहत असतं, आणि मोजणी नेमकी तेव्हाच. त्याची नोंद फडावर झाली तर मूळ गाव आकड्यांत रिकामं दिसतं. गावात झाली तर फडाजवळची वस्ती कागदावर नसते. ही उणीव खरीच. पण ती माणूस मोजण्यातली नाही, तो कोणत्या जागेच्या नावे लिहायचा यातली आहे. म्हणजे आक्षेपही शेवटी घरापाशीच येऊन थांबतो.

अभ्यासकाच्या हाती पडतं त्यातही जागाच मुख्य असते. 1948च्या जनगणना कायद्याने व्यक्तीची माहिती गोपनीय ठेवली आहे; प्रसिद्ध होते ती खेड्यात गावाची आणि शहरात वॉर्डाची बेरीज. पेशवाईतल्या कारकुनाला घरमालक नावानिशी ठाऊक होता, आजच्या संशोधकाला गावच्या खाली उतरताच येत नाही. आणि हे गाव म्हणजे महसुली गाव. कोकणातल्या एकमेकींपासून लांब पसरलेल्या वाड्या, डहाणू-जव्हारकडचे पाडे, सगळे तक्त्यात एका ओळीत विरून जातात. उलट, जिथे कोणीच राहत नाही अशा बेचिराख गावालाही स्वतःची ओळ मिळते, स्वतःचा कोड मिळतो, आणि लोकसंख्येच्या रकान्यात शून्य. 2011मध्ये देशातल्या 6 लाख 40 हजारांहून अधिक गावांपैकी 40 हजारांहून अधिक अशी निर्मनुष्य होती. एकही जन नसताना गणना होते, याहून जुन्या शब्दाच्या बाजूने मोठा पुरावा कोणता हवा?

महसुली गावाची हद्द मात्र जनगणनेने आखलेली नाही. ती मोजणी खात्याच्या घराण्यातली. मुंबई इलाख्यात इंदापूर तालुक्यात 1835-36च्या सुमारास (पाहा, इथेही ‘सुमार’) गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमीन मोजणीची जी घडी बसवली, तिच्यातून सर्व्हे नंबरांचे गावनकाशे आले. तक्ता एका खात्याचा, नकाशा दुसऱ्या खात्याचा, आणि दोघांना जोडणारा धागा म्हणजे गावाचा कोड. तो 2011मध्ये सहा अंकी झाला. 2001चा कोड वेगळा होता, म्हणून दोन जनगणनांची तुलना करण्याआधी दोन्ही कोडांचा मेळ बसवावा लागतो. नावावर भिस्त ठेवली तर पिंपळगाव आणि वडगाव यांच्या गर्दीत माणूस हरवतो.

जिल्ह्याच्या नावाने शोधणारा तर हमखास फसतो. 2011च्या तक्त्यात ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या 1,10,60,148 आहे, देशात सर्वाधिक. आजच्या नकाशावर हा आकडा चिकटवला की ठाणे भलतंच दाट दिसतं, कारण 1 ऑगस्ट 2014ला वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे आठ तालुके वेगळे निघून पालघर जिल्हा झाला. त्यांची 29,90,116 माणसं वजा केली की आजच्या ठाण्याच्या हद्दीत 80,70,032 उरतात. पालघर नावाचा जिल्हा 2011च्या एकाही तक्त्यात सापडत नाही. त्यातली गावं मात्र ठाण्याखाली कोडासकट नोंदलेली आहेत.