उजव्या विचारांच्या कार्यकर्त्यांसाठी ऑनलाइन साधने

नेरे (ता. पनवेल, जि. रायगड) हे गाव मावळ लोकसभा मतदारसंघात मोडते. येथील उजव्या विचारसरणीच्या कार्यकर्त्यांना पुढील साधने घरबसल्या उपलब्ध आहेत.

वृत्त व विचार : साप्ताहिक ‘विवेक’, ‘मुंबई तरुण भारत’, हिंदी ‘पाञ्चजन्य’ आणि इंग्रजी ‘ऑर्गनायझर’ यांची संकेतस्थळे आहेत. पं. दीनदयाळ उपाध्याय यांची एप्रिल १९६५ मधील मुंबईची ‘एकात्म मानववाद’ व्याख्याने महाजालावर वाचता येतात.

प्रशिक्षण : भाईंदरजवळील उत्तन येथील रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी (स्थापना १९८२) कार्यकर्त्यांसाठी अभ्यासवर्ग घेते. त्यांची माहिती तिच्या संकेतस्थळावर मिळते.

मतदारयादी : राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर केंद्रनिहाय यादी पाहता येते. नव्या नावासाठी नमुना ६, वगळणीसाठी ७, तर दुरुस्तीसाठी ८ भरावा लागतो. मतदानाच्या दिवशी नाव नसल्याचे कळून उपयोग नसतो. म्हणून ही तपासणी आधीच व्हावी.

मोबाईलवर फिरणारा संदेश मात्र पुरावा ठरत नाही. मूळ कागद पाहूनच तो पुढे पाठवावा. १९५७ मध्ये मावळमधून विधानसभेवर निवडून गेलेले रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांपुढे ठेवत. साधने बदलली, तरी ही उत्तरदायित्वाची रीत कार्यकर्त्याला आजही उपयोगी आहे.