पद्मिनी आणि तिची डबी

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा इतिहास सांगताना कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्याचे नाव येते, कंडेन्सरचे कधीच नाही. अमेरिकेतल्या डेटन शहरात चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास मोटारीसाठी बॅटरीवर चालणारी इग्निशन पद्धत घडवली. पुढे अनेक दशके पेट्रोल गाड्या तिच्यावरच धावल्या, पद्मिनीही. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडले की कॉइलचा प्रवाह तुटतो आणि प्लगला ठिणगी मिळते. ती ठिणगी पॉइंटवरच उडून वाया जाऊ नये, म्हणून शेजारी बोटाच्या पेराएवढी पत्र्याची डबी असते. तोच कंडेन्सर.

हलक्या डबीतले इन्सुलेशन तापले की दगा देते. गाडी सकाळी झकास सुरू होते, भर दुपारी सिग्नलला बंद पडते, गार झाली की पुन्हा चालू. दोष जातो कार्बोरेटरवर. तो खोलायचा, पेट्रोल पंप बदलायचा, आणि तोवर भाड्याने टॅक्सी चालवणाऱ्याची दिवसाची कमाई बुडालेली. मालकाचे पैसे मात्र द्यावेच लागत. जाणता मिस्त्री आधी डबी बदलून पाही. (त्याचे नाव कुठल्या इतिहासात नाही.)

ऑक्टोबर २०२३ अखेर ही टॅक्सी रस्त्यावरून गेली. हौसेने पद्मिनी जपणारे मात्र नव्या स्वस्त डबीपेक्षा जुनी, चालती डबी डिकीत ठेवणे पसंत करतात.