देवाला नाही, बर्फाला



आपल्या नातेपुत्याच्या भागात आभाळातून बर्फ पडतो तो गारांचाच. डाळिंबाचा बहर झडतो, म्हणून गारा आल्या की आपण हात जोडतो. अशा कोरड्या मुलखातल्या बायकाही आता बर्फात खेळायला गुलमर्ग-मनालीला निघू लागल्या आहेत. ही हौस नवी, पण बायकांची उत्तरेची वाट जुनी आहे. आज त्या वाटेविषयी बोलूया.

बाईनं घर सोडून लांब जायचं तर पूर्वी कारण लागायचं देवाचं. माउलींची पालखी आपल्या गावी मुक्कामाला येते. तिच्यासोबत डोक्यावर तुळस घेऊन चालणारीला 'कशाला चाललीस?' असं कुणी विचारत नाही. काशी आणि बद्री-केदारचंही तसंच होतं. मात्र हिमालयातल्या यात्रेत बर्फ चुकवावा लागे. केदारनाथाची दारं भाऊबीजेला बंद होतात. थंडीभर देवाची पूजा खाली उखीमठला होते. दारं पुन्हा उघडतात ती उन्हाळ्यात, आणि यात्रेकरूही तेव्हाच जातात. त्यांना निवारा हवा, हे १७२५ साली चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी ओळखलं. केदारनाथला आणि बद्रीनाथच्या वाटेवर त्यांनी धर्मशाळा बांधल्या.

अंगावर पांघरूण आणि डोक्यावर छप्पर नसलं तर उत्तरेची थंडी काय करते, ते पंडिता रमाबाईंनी भोगलं. आईवडील गेल्यावर त्या आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास तीर्थं करत अनवाणी, उपाशीपोटी हिंडत होते. तेव्हा रमाबाई विशीच्याही आतल्या होत्या. झेलम नदीच्या काठी कडाक्याची थंडी पडली आणि जवळ ऊबदार कपडा नव्हता. दोघांनी वाळूत खड्डे केले, डोकं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढली आणि रात्री काढल्या. पुढं रमाबाईंनी हे स्वतःच लिहून ठेवलं.

मग आगगाडी आली. १८५३ साली मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी धावली आणि पुढच्या काही दशकांत महिन्यांची वाट दिवसांवर आली. बर्फावरून घसरण्याचा खेळ मात्र साहेबांचा. गुलमर्गला इंग्रज अधिकाऱ्यांनी १९२७ साली त्यासाठी क्लब काढला. तिथल्या गावकऱ्यांना बर्फ म्हणजे खेळ नव्हता. मनालीपलीकडचं लाहौल घ्या. रोहतांगची खिंड बर्फानं बुजली की तिथल्या बाईला महिनोन्‌महिने दवाखाना गाठणं अवघड व्हायचं. घरात बसून ती लोकर कातायची, नक्षीचे मोजे विणायची. २०२० च्या ऑक्टोबरात नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि थंडीतही वाट खुली झाली. त्याच बोगद्यातून आता आपल्यासारख्या बायका बर्फ बघायला जातात.

मनालीजवळच्या बुरुआ गावची आंचल ठाकूर त्याच बर्फावर वाढली. २०१८ साली तुर्कस्तानात तिनं स्कीच्या स्पर्धेत ब्राँझ पदक मिळवलं. या खेळात परदेशातल्या स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं पदक. साहेबांचा खेळ डोंगरातल्या पोरीनं आपलासा केला.

आपण तिथं गेलो तर काय करू? भाड्यानं गमबूट आणि जाडजूड कोट घेऊ. लाकडी घसरगाडीवर बसू. गुलमर्गला ती गाडी दोरीनं ओढणारा माणूस त्या चार महिन्यांच्या कमाईवर घर चालवतो. रोजंदारीचं मोल आपल्याला कुणी सांगायला नको, म्हणून भाव आधी ठरवू आणि ठरलेलं हातावर ठेवू.

पण निघण्याआधी घरात प्रश्न येणारच, 'कुठल्या देवाला?' वाटेत एखादं देऊळ दाखवून वेळ मारून नेता येईल. आमचं म्हणणं, तसं करू नये. देवाच्या नावानं बायकांनी वाट पाडली, तिचा मान आहेच. आता 'मजेसाठी चाललो' हेही मोकळेपणानं सांगता आलं पाहिजे. गटाच्या पुढच्या बैठकीत शेळी, शिलाई मशीन, मुलांची फी यांच्या बचतीखाली सहलीची एक ओळ लिहूया. महिन्याला पन्नास रुपये का होईना. कर्ज काढून मात्र जायचं नाही. दोन वर्षं लागली तर लागू देत, बर्फ दरवर्षी पडतो.