पेण-रोह्याचा हमरस्ता आणि जनावरांच्या वाटा

पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावरून निघालेला मुंबई-गोवा महामार्ग कर्नाळ्याची खिंड ओलांडून पेण तालुक्यात उतरतो. पुढे वडखळ, आमटेम आणि नागोठणे करत तो सुकेळी खिंडीत चढतो आणि खांब-कोलाडमार्गे रोहे तालुक्यातून बाहेर पडतो. या टप्प्यात रस्त्याच्या पूर्वेला सुधागड-पालीकडून सह्याद्रीला मिळणारे डोंगर आहेत, तर पश्चिमेला सागरगड, अवचितगड आणि फणसाडपर्यंत पसरलेल्या किनारी रांगा. मधली सपाटी अरुंद असून अंबा आणि कुंडलिका या नद्यांनी ती कापलेली आहे. माणसे या सपाटीतून उत्तर-दक्षिण जातात, तर रानातली जनावरे एका रांगेतून दुसऱ्या रांगेत पूर्व-पश्चिम. या दोन वाटा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे रस्त्याच्या प्रत्येक रुंदीकरणाने वेगळा प्रश्न उभा केला आहे.

बंदरांचा काळ

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या भागातली मोठी वाहतूक पाण्यातून होई. पेणचे मीठ आणि तांदूळ अंतोऱ्याच्या बंदरातून धरमतरच्या खाडीने मुंबईला जात. रोह्याचा माल समोरच्या अष्टमीहून कुंडलिकेतून रेवदंड्याकडे जाई, आणि अंबेच्या भरतीवर गलबते थेट नागोठण्यापर्यंत येत. जमिनीवरची वाट बैल, घोडे आणि पायी चालणाऱ्यांची होती. नागोठण्याला अंबेवर सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला दगडी कमानींचा पूल आहे. चौलच्या काझी अलाउद्दीन यांनी तो बांधल्याचे सांगितले जाते. कठड्यांमधली त्याची रुंदी इतकी कमी आहे की दोन गाड्या शेजारून जाऊ शकत नाहीत. त्या काळच्या वाहतुकीचे माप या रुंदीवरून कळते.

राज्यव्यवस्थाही विभागलेली होती. सांकशी म्हणजे आजचा पेणचा मुलूख 1818 मध्ये पेशव्यांकडून इंग्रजांकडे आला, तर रोह्याचा भाग आंग्र्यांच्या कुलाबा संस्थानात होता आणि संस्थान खालसा झाल्यावर 1840 मध्ये इंग्रजी अमलाखाली गेला. 1869 मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यानंतर बंदरांना घाटमाथ्याशी जोडणाऱ्या रस्त्यांना वेग आला. धरमतर आणि नागोठण्याहून महाड-पोलादपूरकडे जाणारा रस्ता त्यांत मुख्य होता. 1870 च्या दशकात आंबेनळी घाट बांधून झाल्यावर मुंबईचे साहेब आणि सावकार बोटीने खाडीपर्यंत येऊन याच रस्त्याने महाबळेश्वरला जाऊ लागले.

गाडीरस्ता आणि रान

हा गाडीरस्ता डोंगराच्या कलाने गेलेला होता. खिंडीत चढ सोसवेल इतकीच वळणे घेतलेली, मुरूम आणि खडी अंथरलेली, आणि दोन्ही बाजूंना आंबा, वड, चिंच अशी सावलीची झाडे. कुलाब्याच्या डोंगरांत तेव्हा बिबट्यांबरोबर वाघही होते, आणि मुंबई इलाख्यात हिंस्र जनावर मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळे. म्हणजे जनावरांचा बळी तेव्हा बंदुकीने जाई. रस्त्याचा त्यात थेट हात नव्हता. संध्याकाळनंतर गाडीवान तळावर बैल सोडत आणि रात्रभर रस्ता रिकामा पडे.

रस्त्याने रानाला धक्का दिला तो दुसऱ्या बाजूने. 1878 च्या वन कायद्यानंतर राखीव जंगले आखली गेली आणि साग, ऐन, किंजळ यांची तोड ठेक्याने होऊ लागली. कातकरी कुटुंबे हंगामात कोळशाच्या भट्ट्यांवर राबत. लाकूड आणि कोळसा गाड्यांवरून आणि पुढे ट्रकांतून मुंबईला जाई. जंगलावरच्या निर्बंधांचा रोष 25 सप्टेंबर 1930 रोजी उरणजवळच्या चिरनेरच्या सत्याग्रहात उसळला आणि गोळीबारात माणसे मेली. रान विरळ होत गेले तशा मोठ्या जनावरांच्या जागाही आक्रसल्या, आणि वाघ या डोंगरांतून नाहीसा झाला.

डांबर, कारखाने आणि कर्नाळा

विसाव्या शतकात मोटारींसाठी नद्यांवर पक्के पूल झाले. महाडजवळचा सावित्रीचा पूल 1928 चा. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री तो पुरात वाहून गेला तोपर्यंत महामार्गाची वाहतूक त्यावरून चालू होती. स्वातंत्र्यानंतर हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग 17 झाला आणि 2010 च्या फेरक्रमांकनात त्याला 66 हा क्रमांक मिळाला. नाव बदलले तरी पेण-रोह्यात रस्ता बराच काळ दोन पदरीच होता. मध्ये सुमारे सात मीटर डांबर, कडेला मातीच्या साइडपट्ट्या आणि मैलकुलींच्या देखरेखीखालची गटारे.

1970 नंतर वाहतुकीचे स्वरूप पालटले. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत, नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प आणि डोलवीचा पोलाद कारखाना यांमुळे टँकर आणि ट्रेलर रात्रंदिवस धावू लागले. 1986 मध्ये रेल्वे आपट्याहून रोह्याला आली आणि 1998 पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने धावू लागली, तरी रस्त्याचा भार घटला नाही. गणपतीच्या आधी पेण, हमरापूर आणि जोहे इथल्या कारखान्यांतून मूर्ती भरून निघालेले टेम्पो आणि पाठोपाठ गावाकडे जाणारे चाकरमानी, असा वर्षातला सर्वांत मोठा लोंढा ऐन पावसात याच रस्त्यावर असतो. रात्रीचा रिकामा रस्ता हा जनावरांचा जुना आधार या काळात संपला.

याच काळात रस्त्यालगतच्या रानाला संरक्षणही मिळाले. पेणच्या उत्तर सीमेपलीकडे, पनवेल तालुक्यात, 1968 मध्ये कर्नाळा पक्षी अभयारण्य झाले. सुरुवातीला त्याचे क्षेत्र साडेचार चौरस किलोमीटरच्या आसपास होते, पुढे ते 12 चौरस किलोमीटरच्या वर नेण्यात आले. दीडशेहून अधिक जातींचे पक्षी तिथे नोंदले गेले आहेत. महामार्ग या अभयारण्यातूनच जातो. रोह्याच्या पश्चिमेला जंजिऱ्याच्या नबाबांच्या जुन्या शिकारीच्या रानात 1986 मध्ये फणसाड अभयारण्य जाहीर झाले. मुरुड आणि रोहे तालुक्यांच्या या रानात बिबट्या, भेकर, रानडुक्कर, साळिंदर आणि शेकरू आहेत. अशा रीतीने रस्त्याच्या उत्तर टोकाला आणि पश्चिमेला राखलेले रान आले, पण त्यांना सह्याद्रीशी जोडणाऱ्या मधल्या डोंगरांना तसे संरक्षण मिळाले नाही.

चौपदरीकरण

पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झाले. पेण आणि रोह्याचा सगळा भाग यात येतो. हे काम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे होते, तर इंदापूरच्या पुढचे राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. भूसंपादन, वनजमिनीच्या परवानग्या आणि ठेकेदारांच्या अडचणी यांत ठरलेली मुदत उलटून गेली आणि काम दशकभराहून अधिक रेंगाळले. खड्डे, अपघात आणि तोडलेल्या जुन्या झाडांचे प्रश्न जनहित याचिकांमधून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले.

अभयारण्यातल्या रस्त्याचे नियम निराळे आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिथल्या रुंदीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची शिफारस लागते. कर्नाळ्याचा तुकडा त्यामुळे या चाळणीतून गेला. सुकेळी खिंड मात्र कोणत्याही अभयारण्यात नाही. तिथे वनजमीन वळती करण्याची परवानगी पुरते, आणि त्या परवानगीत झाडे मोजली जातात. जनावरे रस्ता कुठे ओलांडतात, हे विचारले जाईलच असे नाही. पेण-रोह्याच्या रुंदीकरणातली मोठी उणीव इथे आहे, कारण जनावर अभयारण्याची हद्द पाहून चालत नाही.

रुंदीकरणाने काय बदलते

दोन पदरी रस्ता ओलांडणे आणि चार पदरी ओलांडणे यांत फरक आहे, आणि तो अंतरापुरता नाही. खिंडीत जागा काढायची तर डोंगर उभा कापावा लागतो. पूर्वीचा तिरपा उतार जाऊन तिथे कित्येक मीटरची सरळ कड येते, तर दरीच्या बाजूला संरक्षक भिंत. वरून उतरणाऱ्या भेकराला खाली यायला वाट उरत नाही. उतरलेच तर मधल्या काँक्रीटच्या दुभाजकापाशी ते अडकते आणि दोन्हीकडच्या दिव्यांत बावरून तिथेच उभे राहते. रानमांजर किंवा उदमांजर दुभाजकाच्या कडेने फट शोधत लांबवर पळते आणि चाकाखाली येते.

लहान जीवांचे नुकसान मोजलेही जात नाही. मृगाच्या पहिल्या पावसात बेडूक आणि डोंगरातले मुठे खेकडे बिळांतून बाहेर पडतात आणि ओढ्यांकडे निघतात. रोह्याकडे याच रात्री माणसे बत्त्या घेऊन मुठे पकडायला जातात. रस्ता या वाटेत आला की शेकडो जीव चिरडतात. ते खायला आलेले साप आणि घुबडेही त्यात मरतात. माकडांचे गणित वेगळे आहे. प्रवाशांनी फेकलेल्या खाण्याने ती रस्त्याकडेला बसायला शिकतात. झाडांच्या फांद्या रस्त्यावर एकमेकींना भिडत होत्या तोवर ती वरूनच पलीकडे जात. कडेचे जुने वड आणि आंबे तुटल्यावर त्यांना खाली उतरावे लागते. शेकरू सहसा जमिनीवर उतरतच नाही, म्हणून त्याच्यासाठी फांद्यांची साखळी तुटणे म्हणजे रान तुटणे.

मोरी आणि भुयारी वाट

या प्रश्नाचे उत्तर बाहेरच्या देशांत आणि महाराष्ट्रातही शोधले गेले आहे. कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात महामार्गाला कुंपण घालून जनावरांसाठी वरून आणि खालून वाटा केल्या, तेव्हा मोठ्या प्राण्यांशी होणारे अपघात 80 टक्क्यांहून अधिक घटले. मात्र काही प्राण्यांना या वाटा सरावाच्या व्हायला वर्षे लागली.

महाराष्ट्रातले ठळक उदाहरण नागपूर-शिवनी रस्त्याचे आहे. राष्ट्रीय महामार्ग 44 पेंच व्याघ्र प्रकल्पालगतच्या रानातून जातो. त्याच्या चौपदरीकरणाचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. त्यानंतर महाराष्ट्रातल्या भागात जनावरांसाठी नऊ बांधकामे झाली. त्यांत पाच भुयारी वाटा आणि चार लहान पूल आहेत, आणि त्यांची रुंदी 50 पासून 750 मीटरपर्यंत आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने मार्च ते डिसेंबर 2019 या काळात तिथे कॅमेरे लावले, तेव्हा 18 जातींचे वन्यप्राणी या वाटा वापरताना टिपले गेले. वाघ 89 वेळा गेल्याची नोंद झाली.

नऊपैकी चार बांधकामे मुळात ओढ्यावरचे पूल आहेत, ही गोष्ट कोकणाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. पेण-रोह्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि डोंगर उतरणारा प्रत्येक ओहोळ रस्त्याखालून न्यावा लागतो. त्यामुळे खिंडींमध्ये थोड्या थोड्या अंतरावर मोरी असतेच. पाऊस सरला की ओढे आटतात आणि वाळूच्या तळाच्या या मोऱ्या कित्येक महिने कोरड्या असतात. जुन्या घडीव दगडी मोऱ्यांतून साळिंदर, मुंगूस, उदमांजर सहज जाऊ शकत.

रुंदीकरणात त्या जागी बहुधा ह्यूम पाइप बसतात. चार पदरांखालून जाणारा पाइप लांब आणि अंधारा असतो. निम्मा गाळाने भरतो, आणि खालच्या बाजूची माती पाण्याने ओढून नेली की त्याचे तोंड अधांतरी राहते. मग जनावराला त्यात चढता येत नाही. त्याऐवजी उंच चौकोनी मोरी घातली, तळाला दगडमाती राहू दिली, पावसातही पाय कोरडा राहील असा एक कट्टा कडेने काढला आणि दुभाजकापाशी उजेडाला झरोका ठेवला, तर तीच मोरी पाण्याचे आणि जनावरांचे काम करते. मोरीच्या दोन्ही तोंडांकडे घेऊन येणारे कुंपण आणि झुडपे नसली, तर जनावर पुन्हा रस्त्यावरच चढते. मोठ्या जनावरांसाठी मात्र मोरी पुरत नाही, त्यांना ओढ्यावरचा पूल काठ धरून लांबवावा लागतो. ही सगळी रचना आराखड्यातच आली तर खर्च थोडा वाढतो. झालेला भराव फोडून ती नंतर करणे फार महाग पडते.

झाडांवरच्या प्राण्यांसाठी दोर आणि जाळीचे झुलते पूल हा सोपा उपाय आहे. तमिळनाडूत वालपारईजवळ पुदुथोट्टमला सिंहपुच्छ वानरांसाठी असे पूल रस्त्यावर टांगले आहेत आणि वानरे ते वापरतात. डोंगर न कापण्याचा उपाय म्हणजे बोगदा. याच महामार्गावर पोलादपूर आणि खेड यांच्यामध्ये कशेडी घाटाखालून सुमारे दोन किलोमीटरचे जोड बोगदे काढले आहेत. ते मुख्यतः वळणे आणि दरडी टाळण्यासाठी झाले, पण त्यांच्या डोक्यावरचा डोंगर सलग राहिला. सुकेळीसारख्या लहान खिंडीत असा खर्च होत नाही, म्हणून तिथे मोऱ्या आणि पूल यांनाच पर्याय नाही.

पुढची कामे

जिल्ह्यातले रस्ते अजून रुंद व्हायचे आहेत. नागोठण्याहून भिसे खिंडीतून रोह्याला येणारा, रोह्याहून फणसाडच्या कडेने मुरुडकडे जाणारा आणि पेणहून खोपोलीकडे जाणारा, असे रस्ते डोंगरातूनच जातात आणि कारखाने व पर्यटन यांमुळे त्यांच्यावरची वाहतूक वाढते आहे. मुख्य महामार्गावर राहून गेलेली पाहणी तिथे आधी करता येईल. किमान एक पूर्ण वर्ष, पावसाळ्यासह, मेलेल्या जनावरांची जागानिहाय नोंद, मोऱ्यांच्या तोंडाशी पावलांचे ठसे आणि कॅमेरे, आणि रानात रोज जाणाऱ्या कातकरी व ठाकूर वस्त्यांकडून जनावरांच्या वाटांची माहिती, एवढ्यावर कोणती मोरी वाढवायची आणि कोणत्या वळणावर गती कमी करायची हे ठरू शकते. वन्यजीव संस्थेने 2016 मध्ये रस्ते, रेल्वे आणि वीजवाहिन्या यांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली आहे आणि तिची मापे उपलब्ध आहेत. अभयारण्याबाहेरच्या खिंडींनाही ती लावणे, हा पेण-रोह्याच्या रस्त्याने शिकवलेला मुख्य धडा आहे.