ज्ञान, ठाव आणि ओळख

साहित्यशास्त्राच्या तासाला प्लेटो-ॲरिस्टॉटल आले की ‘ज्ञान’ हा शब्द आमची पंचाईत करतो. ग्रीक भाषेत एपिस्टेमे, ग्नोसिस, सोफिया, फ्रोनेसिस आणि टेख्ने असे निरनिराळे शब्द आहेत. पाठ्यपुस्तकी मराठीत मात्र त्या सर्वांची बोळवण बहुधा ‘ज्ञान’ या एका शब्दावर होते. फार तर त्याच्यामागे एखादे विशेषण लावले जाते. ‘निकोमेकियन एथिक्स’च्या सहाव्या भागात ॲरिस्टॉटलने हे प्रकार वेगळे करण्यासाठीच युक्तिवाद मांडला आहे. सर्वांना एकच नाव दिले की तो युक्तिवादच दिसेनासा होतो.

वास्तविक हे शब्द आपल्याला परके नाहीत. ‘ग्नोसिस’ आणि संस्कृत ‘ज्ञा’ एकाच धातुकुळातले. आपले ‘जाणणे’ही त्याच घरचे. ‘मला माहीत आहे’ या अर्थाचे ग्रीक ‘ओइडा’ हे रूप मुळात ‘मी पाहिले आहे’ असे सांगते आणि ते ‘विद्’, ‘वेद’ यांचे सगोत्र आहे. ‘एपिस्टेमे’मध्ये ‘स्था’, म्हणजे उभे राहणे, आहे. ‘टेख्ने’चा संबंध सुताराच्या ‘तक्ष्’ धातूशी पोचतो.

प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात प्रश्न येतो, की लारिसाचा रस्ता नुसत्या बरोबर समजुतीनेही सापडत असेल, तर ज्ञानाची मातब्बरी कशाला? सॉक्रेटिस डिडॅलसच्या पुतळ्यांचा दृष्टान्त देतो. ते बांधून ठेवले नाहीत तर पळून जातात. खरी समजूतही कारणांनी बांधली म्हणजेच एपिस्टेमे होते, म्हणजेच जागेवर राहते. आपला ‘ठाऊक’ हा शब्द ‘ठाव’शी नाते सांगतो आणि ‘ठाव’ पुन्हा ‘स्था’शी. बोलीने जी जाण शब्दात साठवली, ती व्याख्यांच्या वहीत आम्ही हरवून बसलो आहोत.

फ्रोनेसिसचेही तसेच. ॲरिस्टॉटल म्हणतो, तरुण मुलगा गणितात निष्णात होऊ शकतो, पण त्याला फ्रोनिमोस म्हणता येत नाही, कारण त्यासाठी अनुभव हवा आणि अनुभवाला काळ लागतो. उदाहरण म्हणून तो पेरिक्लिसचे नाव घेतो. थेलीस आणि ॲनॅक्सागोरस यांना तो सोफिया देतो, फ्रोनेसिस देत नाही. याला मराठीत ‘व्यावहारिक ज्ञान’ म्हणणे म्हणजे त्याला बाजारात बसवणे होय. आपल्याकडे ‘जाणता’ हा शब्द आहे. तो वयाने वाढलेल्याला लागतो आणि प्रसंग ओळखून वागणाऱ्यालाही. ॲरिस्टॉटलला जे स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागले, ते या एका शब्दात एकत्र नांदते.

आता आमच्या हिंगोली जिल्ह्याकडे वळू. नरसी हे परंपरेने संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मगाव मानले जाते, आणि औंढा नागनाथ हे त्यांना विसोबा खेचर भेटल्याचे स्थान. कथा सर्वपरिचित आहे. संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर थापटून पाहिले. इतर गप्प राहिले, नामदेव चिडले आणि कच्चे मडके ठरले. इथे ग्नोसिसची परीक्षा टेख्नेने घेतली आहे. कुंभाराचा हात जे जाणतो, ते भक्ताच्या अभिमानाला कळत नाही.

पुढे औंढ्याला विसोबा पिंडीवर पाय ठेवून पहुडलेले दिसतात. देव नसेल तिथे माझे पाय ठेव, असे ते सांगतात. पाय जिथे ठेवावेत तिथे पिंड उभी राहते. या प्रसंगात नामदेवांना कोणती नवी माहिती मिळाली? देव सर्वत्र आहे हे त्यांनी ऐकलेले नव्हते असे कोण म्हणेल? जे ठाऊक होते तेच त्यांनी ओळखले. ॲरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’मध्ये शोकात्मिकेच्या संदर्भात अशा क्षणाला ‘अनाग्नोरिसिस’ म्हटले. अज्ञानातून ज्ञानाकडे होणारे हे संक्रमण आहे. त्या शब्दातला ‘ग्नो’ आणि कालिदासाच्या ‘अभिज्ञान’मधला ‘ज्ञा’ एकच. औंढ्याची कथा चमत्कारकथा म्हणून सांगितली जाते; आम्हाला ती अभिज्ञानाची कथा वाटते.

या छटा काळाबरोबर सरकतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. गीतेच्या सातव्या अध्यायातील ‘विज्ञान’ म्हणजे शंकराचार्यांच्या भाष्यात स्वानुभव. ज्ञानेश्वरीत (१२९०) तोच शब्द प्रपंचाच्या ज्ञानासाठी येतो आणि प्रपंचाला सत्य मानणे हे अज्ञान ठरते. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, तोवर ‘विज्ञान’ म्हणजे भौतिक जगाचे पद्धतशीर शास्त्र हा अर्थ रुळला होता. एकाच शब्दाने स्वानुभवापासून प्रयोगशाळेपर्यंत प्रवास केला. शतक न सांगता त्याचा अर्थ सांगणारा शिक्षक विद्यार्थ्याची दिशाभूल करतो.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की ग्रीक संज्ञांचे भाषांतर करताना ‘ज्ञान’ला थोडी विश्रांती द्यावी. ठाऊक असणे, कळणे, समजणे, उमजणे, ओळखणे, हाताला येणे, जाणते होणे ही क्रियापदे विद्यार्थी घरून घेऊन येतात. ‘मला कळले’ आणि ‘मी जाणतो’ या दोन वाक्यांत कर्त्याची जागा का बदलते, हे त्यांना विचारून पाहावे. उत्तरपत्रिकेत ॲरिस्टॉटलचे पाच प्रकार क्रमाने लिहिणाऱ्याजवळ माहिती असते. त्यातला कोणता प्रकार आपल्या आजीजवळ होता, हे ज्याच्या लक्षात येते, त्याने ॲरिस्टॉटल वाचला असे म्हणता येईल.