सॉनिक एक्स-ट्रीम

सॉनिक एक्स-ट्रीम हा सेगा या जपानी कंपनीच्या सॅटर्न कन्सोलसाठी नियोजित असलेला, परंतु कधीही प्रकाशित न झालेला प्लॅटफॉर्म प्रकारातील व्हिडिओ गेम होता. अमेरिकेतील सेगा टेक्निकल इन्स्टिट्यूट या विभागाने त्याची निर्मिती हाती घेतली होती. १९९६ च्या नाताळात तो बाजारात यावयाचा होता. तो रद्द झाल्यामुळे सॉनिक मालिकेतील एकही मूळ त्रिमितीय प्लॅटफॉर्म गेम सॅटर्नला लाभला नाही.

पार्श्वभूमी

सॉनिक या निळ्या, वेगवान हेजहॉगने १९९१ पासून सेगाला निन्टेन्डोच्या बरोबरीने उभे केले होते. १९९४ मध्ये सॉनिक अँड नकल्स पूर्ण झाल्यावर मालिकेचे प्रमुख प्रोग्रॅमर युजी नाका जपानला परतले आणि पुढील सॉनिकची जबाबदारी अमेरिकन चमूकडे आली. आरंभी हा गेम जेनेसिस कन्सोलसाठी योजला होता. नंतर तो ३२एक्स या जोडयंत्रासाठी आणि शेवटी सॅटर्नसाठी ठरला. यंत्र बदलले की आधीचे बरेचसे काम बाजूला ठेवावे लागे.

सॅटर्नवर काम करणे सोपे नव्हते. त्यात दोन मुख्य प्रोसेसर होते आणि त्यांच्यात कामाची वाटणी करणे प्रोग्रॅमरला जिकिरीचे जाई. शिवाय हे यंत्र त्रिकोणांऐवजी चौकोनी पृष्ठभाग जोडून त्रिमितीय दृश्य उभे करत असे.

दोन इंजिने

गेमची रचना क्रिस सेन यांची होती. प्रोग्रॅमर ओफर अ‍ॅलन यांच्यासह त्यांनी मुख्य टप्प्यांचे इंजिन तयार केले. त्यात सॉनिक नळीसारख्या वळणदार जगांतून धावे, भिंतीवर चढला की भिंतच जमीन होई, आणि कडेचे दृश्य माशाच्या डोळ्यातून पाहिल्यासारखे वाकलेले दिसे. ‘रिफ्लेक्स लेन्स’ या नावाने ओळखली जाणारी ही योजना गेमचे खरे वैशिष्ट्य होती. मात्र हे इंजिन सॅटर्नवर आणल्यावर फार संथ चाले. त्याच वेळी क्रिस कॉफिन हे प्रमुख शत्रूंशी होणाऱ्या लढतींसाठी वेगळे इंजिन घडवत होते. एकाच गेमच्या या दोन भागांत पुरेसा मेळ नव्हता.

मार्च १९९६ मध्ये सेगाचे अध्यक्ष हायाओ नाकायामा पाहणीसाठी आले. त्यांना मुख्य इंजिनची जुनी, अपुरी आवृत्ती दाखवली गेली व ती त्यांना मुळीच पसंत पडली नाही. कॉफिन यांच्या लढतींचे काम मात्र आवडल्याने संपूर्ण गेम त्याच धर्तीवर करण्याचा आदेश त्यांनी दिला. सेन आणि अ‍ॅलन यांची सुधारित आवृत्ती त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही. निर्मितीच्या दृष्टीने हाच निर्णायक क्षण म्हणावा लागेल, कारण नाताळाला तेव्हा जेमतेम नऊ महिने उरले होते.

अखेरचे महिने

कॉफिन यांच्या छोट्या चमूला इतरांपासून वेगळे बसवण्यात आले व दिवसाचे सोळा तासांहून अधिक काम सुरू झाले. निर्माते माइक वॉलिस यांनी सांगितल्यानुसार, मदत म्हणून नाइट्स इंटू ड्रीम्स या गेमचे इंजिन मिळवण्यात आले होते, परंतु नाका यांनी हरकत घेतल्याने ते सोडून द्यावे लागले. या प्रकरणात सुमारे दोन आठवडे वाया गेले. नाका यांनी पुढे या कथनाचे महत्त्व नाकारले.

दरम्यान जूनमध्ये जपानात सुपर मारिओ ६४ प्रकाशित झाला आणि त्रिमितीय प्लॅटफॉर्म गेम कसा असावा याविषयीची अपेक्षाच बदलली. उन्हाळ्यात कॉफिन यांना तीव्र न्यूमोनिया झाला. सेन यांचीही प्रकृती इतकी ढासळली की, त्यांच्याच सांगण्यानुसार, त्यांना सहा महिन्यांचे आयुष्य उरल्याचे सांगण्यात आले होते. ते पुढे बरे झाले. वेळेत काम पूर्ण होणे अशक्य असल्याचे वॉलिस यांनी वरिष्ठांना कळवले आणि गेम रद्द झाला.

परिणाम

सॅटर्नसाठी त्या हंगामात सॉनिक ३डी ब्लास्ट आणला गेला. तो मुळात जेनेसिसचा गेम होता व त्यातील दृश्य तिरक्या कोनातून दिसे. १९९७ मधील सॉनिक आर हा शर्यतीचा गेम होता. मालिकेतील पहिला पूर्ण त्रिमितीय प्लॅटफॉर्म गेम, सॉनिक अ‍ॅडव्हेंचर, डिसेंबर १९९८ मध्ये ड्रीमकास्टवर आला. ओफर अ‍ॅलन यांनी पुढे पिक्सोलॉजिक कंपनी स्थापन करून झेडब्रश हे चित्रपटसृष्टीत सर्रास वापरले जाणारे शिल्पांकनाचे सॉफ्टवेअर घडवले. एक्स-ट्रीमच्या इंजिनची एक खेळता येण्याजोगी आवृत्ती २०१५ मध्ये चाहत्यांनी सर्वांसाठी खुली केली.