दोन क्रमांकांची गाडी : कॅफे रेसर आणि मूळ संहितेचा प्रश्न

इंग्लंडमधल्या मोटरसायकलींच्या इतिहासात 'ट्रायटन' हे नाव वारंवार भेटते. पण कोणत्याही मोठ्या कारखान्याच्या किंमतपत्रिकेत ते शोधू जावे, तर सापडत नाही. ट्रायम्फ कंपनीचे इंजिन आणि नॉर्टन कंपनीची चौकट एकत्र करून बनवलेली ही गाडी. नावही तसेच, एकाचा आरंभ आणि दुसऱ्याचा शेवट जोडून केलेले. १९५० ते १९७० या दोन दशकांत इंग्लंडमधल्या अनेक तरुणांनी घरामागच्या छपरीत, बहुधा अपघातात मोडलेल्या किंवा इंजिन निकामी झालेल्या गाड्यांचे सुटे भाग जुळवून अशा गाड्या उभ्या केल्या. त्यांना आज 'कॅफे रेसर' म्हणतात. या गाडीकडे आम्ही येथे एक संहिता म्हणून पाहू इच्छितो, आणि तेही हौसेखातर नव्हे. 'मूळ' कशाला म्हणावे, हा साहित्याच्या अभ्यासकांचा जुना प्रश्न या गाडीने फार ठोसपणे उभा केला आहे.

आधी चौकटीविषयी. १९५० साली नॉर्टनच्या शर्यतीच्या गाड्यांना बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेस यांनी आखलेली नवी चौकट मिळाली. नळ्यांचे दोन पूर्ण वेढे आणि मागे झोके घेणारा काटा, अशी तिची रचना. हॅरोल्ड डॅनिएल या शर्यतपटूने ती चालवून पाहिल्यावर पिसांच्या गादीवर बसल्यासारखे वाटते असे म्हटले, आणि 'फेदरबेड' हेच तिचे नाव झाले. पुढे नॉर्टनच्या रस्त्यावर चालणाऱ्या 'डॉमिनेटर' गाड्यांनाही ती बसवण्यात आली. इंजिनाच्या बाबतीत मात्र लोकांचे मन ट्रायम्फकडे होते. एडवर्ड टर्नर यांनी १९३७च्या 'स्पीड ट्विन'साठी आखलेले दोन सिलिंडरांचे इंजिन हलके होते, जोर वाढवून घेण्यास सोपे होते, आणि त्याचे सुटे भाग कोठेही मिळत. १९५९ साली त्याच घराण्यातली 'बॉनव्हिल' आली. ट्रायम्फच्या चौकटीचा लौकिक मात्र वळणावर मन घट्ट करायला लावणारी असा होता. एकीचे हृदय उत्तम आणि दुसरीचा सांगाडा उत्तम. तेव्हा जोड लावण्याची कल्पना सुचण्यास फारशी प्रतिभा लागली नसेल. प्रश्न होता तो इंजिनाविना चौकट मिळणार कोठून, हा.

याचे एक उत्तर मोटारींच्या शर्यतीत आहे. १९५०च्या सुमारास ५०० सीसीच्या छोट्या मोटारींच्या शर्यती इंग्लंडात जोरात होत्या आणि त्या मोटारींना नॉर्टनचे 'मँक्स' इंजिन हवे असे. नुसते इंजिन विकण्यास कंपनी नाखूष. म्हणून मोटारवाले अख्खी मोटरसायकल विकत घेत, इंजिन काढून घेत, आणि उरलेला सांगाडा कोपऱ्यात पडे. ज्या चौकटीची आज पूजा होते, ती अशा प्रकारे आधी एका दुसऱ्या खेळाचा टाकाऊ माल होती. दुसरे उत्तर साध्या रस्त्यावर आहे. समोरून धडक बसलेल्या ट्रायम्फचा पुढचा फोर्क आणि हँडलखालचा गळा वाकतो, इंजिन बहुधा शाबूत राहते. नॉर्टनचे इंजिन फुटते, चौकट राहते. दोघी स्वतंत्रपणे भंगार. एकत्र आल्या तर त्या काळच्या कारखान्यांनी केलेल्या बहुतेक गाड्यांच्या तोडीची, क्वचित सरसही, गाडी.

हे एकत्र येणे सोपे मात्र नव्हते, आणि येथे थोडा वेळ थांबले पाहिजे. कारण या विषयावरच्या सांस्कृतिक लेखनात हातकामाचा हा भाग नेहमी गाळला जातो. पहिले काम नुकसान मोजण्याचे. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी दोरी ताणून ती पुढच्या चाकापर्यंत आणली की चौकट कोठे वाकली आहे ते दिसते. नंतर इंजिन बसवणे. ट्रायम्फच्या इंजिनाचे कान नॉर्टनच्या चौकटीवरच्या जागांशी जुळत नाहीत. म्हणून पुठ्ठ्याचा नमुना कापून त्यावरून ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या कापाव्या लागत, आणि गाडीचे सारे भवितव्य त्या पट्ट्यांवर अवलंबून असे. इंजिन पुढे घेतले तर पुढच्या चाकावर भार येऊन गाडी वळणात स्थिर राहते. फार मागे गेले तर कार्ब्युरेटरला जागा उरत नाही. इंजिनाकडून क्लचकडे जाणारी चेन आणि गिअरबॉक्सकडून मागच्या चाकाकडे जाणारी चेन, दोन्ही आपापल्या रेषेत सरळ हव्यात. थोडा जरी तिरकेपणा राहिला तरी चेन दातेरी चक्र खाऊन टाकते. या इंजिनातले दोन्ही दट्टे एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली जातात, त्यामुळे थरथर मोठी. इंजिनाचे डोके वरच्या नळीला वेगळ्या पट्टीने बांधले नाही, तर कालांतराने धातूला तडे जातात.

मग बसण्याची रीत. रुंद हँडल काढून फोर्कच्या दोन नळ्यांना दोन आखूड दांडे आवळायचे, आणि फुटरेस्ट मागे सरकवायचे. फुटरेस्ट मागे गेले की गिअरचा दांडा उलटा फिरवावा लागतो, आणि पुष्कळदा गिअरचा क्रमच उलटतो. म्हणजे गाडी बदलली की चालवणाऱ्याच्या पायालाही नवे व्याकरण शिकावे लागे.

या गाड्या जेथे जमत त्या चहाघरांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरचे 'एस कॅफे'. १९३८ साली ते मुख्यतः मालवाहू गाड्यांच्या चालकांसाठी सुरू झाले, १९४०च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले, १९४९ मध्ये पुन्हा उभे राहिले, १९६९ मध्ये बंद पडले आणि २००१ मध्ये पुन्हा उघडले. हप्त्यांवर वस्तू मिळू लागल्या होत्या, कामगार घरांतल्या मुलांच्या हातात पहिल्यांदा थोडा पैसा खुळखुळत होता, आणि ताशी १०० मैलांचा आकडा हे त्यांचे परमपद होते. यंत्रातल्या तबकडीवर गाणे सुरू करायचे आणि ते संपण्याआधी ठरलेल्या ठिकाणाला वळसा घालून परत यायचे, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. तिच्याकडे इतिहासापेक्षा दंतकथा म्हणून पाहावे असे आम्हाला वाटते; पण दंतकथाही कोणत्या समाजात जन्मते ते पाहण्यासारखे असते. 'कॅफे रेसर' हा शब्दही आधी टोमणा होता असे सांगतात: खऱ्या मैदानावरचा नव्हे, चहाच्या टपरीवरचा शर्यतपटू. १९६४ साली क्लॅक्टन, मार्गेट, ब्रायटन या किनाऱ्यांवर 'मॉड' आणि 'रॉकर' तरुणांच्या चकमकी झाल्या आणि वृत्तपत्रांनी त्यांना राक्षस करून टाकले. स्टॅन्ली कोहेन यांचा १९७२चा प्रसिद्ध ग्रंथ त्या राक्षसीकरणाचाच अभ्यास आहे. त्याच मुलांसाठी १९६२ मध्ये लंडनच्या ईस्ट एंडमध्ये बिल शेरगोल्ड या पाद्र्याने 'फिफ्टी नाइन क्लब'ची मोटरसायकल शाखा काढली होती, याची आठवण मात्र कमी ठेवली जाते.

डिक हेब्डिज यांनी १९७९ साली अशा उपसंस्कृतींना लेव्ही-स्ट्रॉस यांची 'ब्रिकोलाज' ही संज्ञा लावली, आणि तेव्हापासून विद्यापीठांत ती सढळ हाताने वापरली जाते. आमची येथे थोडी हरकत आहे. लेव्ही-स्ट्रॉस यांचा ब्रिकोलर हाताशी असेल त्यातून काम भागवतो आणि त्यांच्या मते अभियंता त्याच्या विरुद्ध टोकाला असतो. ट्रायटन बनवणारा या दोघांच्या मधे उभा आहे. साहित्य त्याला भंगारातून घ्यावे लागते, पण हेतू तो तडजोडीने ठरवत नाही. तो घड्याळाने मोजता येतो. लंडनच्या डेव्ह डेगन्स यांनी रेक्स बुचर यांच्या जोडीने १९६५ मध्ये बार्सिलोनाची २४ तासांची शर्यत ट्रायटनवरच जिंकली. त्या गाडीला 'जुगाड' म्हणणे हे तिच्यातल्या हिशेबावर अन्याय करणे होईल.

कारखान्यांनी ही गाडी आपल्या ताब्यात घेणे ओघानेच आले. १९६१ पासून इंग्लंडात शिकाऊ परवान्यावर २५० सीसीपर्यंतचीच गाडी चालवता येऊ लागली. रॉयल एनफिल्डने त्या मर्यादेत आखूड हँडलांची, फायबरच्या लाल टाकीची 'काँटिनेंटल जीटी' काढली. ती कंपनी इंग्लंडात १९७० मध्ये संपली. मद्रासला १९५५ पासून सुरू असलेली तिची भारतीय शाखा टिकली, आणि २०१३ मध्ये तिने तेच नाव पुन्हा बाजारात आणले, चौकट एका इंग्रज चौकटकाराकडून आखून घेऊन. अपघाताशिवाय, भंगाराशिवाय, हप्त्यांवर मिळणारी कॅफे रेसर. आपल्याकडे तेव्हापासून आणखी एक प्रकार वाढला. धडधाकट जुनी बुलेट किंवा येझदी घ्यायची, मागची चौकट कापायची, सीटला कुबड काढायचे. रूप तेच, कारण मात्र उरलेले नाही. तिकडे मोडलेल्यातून गाडी झाली, येथे गाडी मोडून रूप केले जाते. कायद्यालाही हे मान्य नाही: कारखान्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल केलेल्या गाडीची नोंदणी होऊ शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला.

जुन्या गाड्यांच्या बाजारात आज सर्वांत महाग शब्द म्हणजे 'जुळते क्रमांक': इंजिन आणि चौकट कारखान्यातून एकत्र निघाली असल्याचा पुरावा. ही पाठचिकित्साच आहे. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा व्यासांचा लेखक झालेला गणपती मुख्य संहितेतून निघून परिशिष्टात गेला. पुराव्याच्या कसोटीवर ते योग्यच होते. तरीही मराठी घरात महाभारत सांगायला बसलेली आजी त्या गणपतीपासूनच सुरुवात करते, आणि तिची कथा चुकीची आहे असे म्हणण्याचे धाडस सुखठणकरांच्या परंपरेतल्या कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. परिशिष्टातला पाठही पाठच असतो, फक्त त्याचा काळ वेगळा असतो. ट्रायटनचे क्रमांक मात्र जुळूच शकत नाहीत. इंजिनावर मेरिडनच्या कारखान्याचा शिक्का, चौकटीवर बर्मिंगहॅमच्या ब्रेसब्रिज स्ट्रीटचा. ती 'मूळ रूपात' आणायची, तर पुन्हा दोन अर्ध्या गाड्या कराव्या लागतील, आणि मधल्या त्या हाताने कापलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कोणत्याच गाडीच्या नसल्याने भंगारात जातील.